गड झाला, मग झालं जुन्नर?

आज सकाळी नारायणगावला जायचं म्हणून एसटी स्टँडवर उभी होते. शेजारी मुंबईकडचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन पोरं, बुटांना गडावरचा चिखल. पहाटेच शिवनेरी करून उतरले होते बहुतेक. बाईंनी चहाच्या टपरीवरच्या पोराला विचारलं, "दादा, जुन्नरात अजून बघण्यासारखं काय आहे?" पोरगं आमच्याच आळीतलं. चहा गाळता गाळता, मानही वर न करता म्हणालं, "इथं काय नाय ताई. गड झाला ना? मग झालं जुन्नर. माळशेजला जावा, धबधबे हायेत."

ते गेले माळशेजला. माझीही गाडी आली आणि सुटली, पण मी चढले नाही. दिवसभर डोक्यात तेच वाक्य घुमतंय. गड झाला, मग झालं जुन्नर.

परका माणूस असं बोलला असता तर सोडून दिलं असतं. पण हा पोरगा रोज ज्या डोंगरांकडे तोंड करून चहा विकतो, त्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. तुळजालेणी, मानमोडी, लेण्याद्री, खुद्द शिवनेरीच्या पोटातली. लेण्याद्रीला लोक गणपतीसाठी तीनशे पायऱ्या चढतात आणि शेजारच्या चैत्यगृहाच्या दारात चपला काढून, फोटो काढून उतरतात. ते चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, कल्याणच्या एका सोनाराच्या मुलाने दान दिलंय, तसं तिथे कोरलेलं आहे. कल्याणचा माणूस इथे येऊन डोंगर कोरायला पैसे देतो, तो उगीच का? त्याचा माल कोकणातून वर चढणाऱ्या नाणेघाटाच्या वाटेने इथूनच जात होता म्हणून! धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. कासार आणि बुरूड यांच्या श्रेण्यांकडे दानाच्या ठेवी असायच्या. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी. यवन म्हणजे ग्रीकांकडचे लोक. दोन हजार वर्षांपूर्वी ते आमच्या गावात पाण्याची सोय करून गेले. आणि आम्ही म्हणतो, इथं काय नाय.

मी नऊ वर्षांची असताना दादा, म्हणजे माझे वडील, मला नाणेघाटात घेऊन गेले होते. ते टपाल खात्यात होते आणि पश्चिमेकडची, डोंगरातली गावं त्यांच्याकडे होती. त्या दिवशी सुट्टी होती. घाटघरपर्यंत कसंबसं वाहनाने, पुढे पायी. धुकं इतकं की शेजारचा जीवधन किल्ला दिसतच नव्हता. फडक्यात बांधलेली भाकरी भिजून लगदा झाली होती. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. दादांनी मला काखेत धरून वर उचललं आणि म्हणाले, "घाल हात आत." आत पावसाचं पाणी होतं, बर्फासारखं गार. पाण्यात बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर पाच पैशांचं नाणं, ते चौकोनी, ॲल्युमिनियमचं. कुणीतरी टाकून गेलेलं. मी मुठीत धरलं. दादा म्हणाले, "परत टाक. जकात आहे ती, घाटाची."

रांजणात जकात गोळा व्हायची अशी आपल्याकडची समजूत. पण खाली गुहेच्या भिंतीवर जे आहे ती समजूत नव्हे. सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे तिथे, ब्राह्मी लिपीत. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी, सगळं आकड्यांत. आपल्या देशात आकडे कोरलेले जे अगदी जुने लेख आहेत, त्यात हा येतो. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता नावं आणि पावलांच्या खुणा उरल्यात. चेहरे गेले, पाय राहिले.

शिवनेरीमुळे जुन्नरचं नाव जगात आहे, मान्य. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नसती तर आम्हाला कुणी विचारलंही नसतं, तेही मान्य. पण महाराजांचा जन्म झाला तेव्हा हे गाव आधीच दीड हजार वर्षांहून जुनं होतं. जीर्णनगरचं जुन्नर झालं असं म्हणतात ते उगीच नाही. पुढे १६५७ मध्ये महाराजांनी हेच शहर मारलं, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. ज्या गावात काय नाय, तिथून तीन लाख होन निघतात का हो?

त्याच्याही आधी रशियातला एक व्यापारी, अफनासी निकितीन, चौलला उतरून इथवर आला होता, पंधराव्या शतकात. विकायला एक घोडा घेऊन! पावसाळाभर अडकला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, मुसलमान हो मग परत देतो म्हणाला. कुणीतरी मध्ये पडलं म्हणून सुटला बिचारा. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारून स्वतःचं राज्य मांडलं तेही जुन्नरातून, अहमदनगर शहर त्यानंतरचं. हापूसबागेतला हबशी महाल, तो सौदागर घुमट, पेशव्यांच्या दप्तरात गेलेला जुन्नरी कागद... आमच्यातल्या कितीजणांनी आपल्या पोरांना हबशी महाल दाखवलाय? माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये निम्मं जुन्नर आहे. खरं सांगा.

राग फक्त त्या पोराचा नाही. सगळ्यांचाच आहे. तालुक्याचं गाव म्हणजे काय, तर सातबारा, दाखले, कोर्टाची तारीख, बाजार, आणि संध्याकाळच्या आत घर. आपण गावाला एवढ्यावर आणून ठेवलंय.

मोठेपण कशाने आलं आणि कशाने गेलं हे समजायला नकाशा पुरतो. वर सह्याद्रीची भिंत, तिच्यात नाणेघाटाची फट. खाली वैशाखरे, पुढे कल्याण, सोपारा. बंदरातला माल त्या फटीतून वर चढायचा आणि पहिलं मोठं गाव लागायचं ते कुकडीकाठचं जुन्नर. मग १८६३ मध्ये रेल्वे बोरघाटातून गेली, दोन वर्षांनी थळघाटातून. नाणेघाट दोन्हींच्या मधोमध, तसाच राहिला. मोटारीचा रस्ता माळशेजने गेला. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आलं, जुन्नर पंधराएक किलोमीटर आत पडलं. नारायणगावची पेठ वाढली यात त्यांचा काही दोष नाही. रस्ता जातो तिकडे बाजार जातो.

पाऊससुद्धा इथे एकसारखा नाही. घाटघरला छत्री उलटी होते तेव्हा बेल्ह्याला लोक आभाळाकडे बघत असतात. पश्चिमेला भात आणि हिरडा, पूर्वेला बाजरी. मध्ये माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणं. त्या पाण्यावर इकडे ऊस, द्राक्षं, कांदा, टोमॅटो उभा राहिला आणि पाणी पार श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्यापर्यंत जातं, हे चांगलंच झालं. पण ज्यांच्या शेतावर धरण उभं राहिलं ती माणसं वरच्या अंगाला, आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडाही त्यांच्याच. दादा ज्यांना पत्रं द्यायचे त्यातली काही घरं आता पाण्याखाली आहेत. गाळ उघडा पडला की ते बोट दाखवून सांगायचे, इथे अमक्याचं अंगण होतं, मनीऑर्डर आली की बाई आधी गूळपाणी द्यायची.

मागच्या पावसाळ्यात नाणेघाटात गेले होते. उलटा धबधबा बघायला ही गर्दी. रांजणात वाकून बघितलं. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाची चप्पल. दादा जाऊन सहा वर्षं झाली. बरं झालं त्यांना हे बघावं लागलं नाही, असं मनात आलं आणि तिथेच रडू फुटलं.

इथपर्यंत लिहिलं आणि राहवेना, म्हणून उठून टपरीवर जाऊन आले. पोरगा टपरी आवरत होता. सकाळचं सगळं त्याला सुनावलं, जरा जास्तच सुनावलं. त्याने गप्प ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मी नाय गेलो कधी नाणेघाटात. शाळेची सहल दोनदा गडावरच गेली. आणि पप्पा वारल्यापासून टपरी बंद ठेवता येत नाय."

काय बोलणार यावर. एकोणीस वर्षांचं पोर. त्याला कुणी काखेत धरून उचललंच नाही.

रविवारी जातोय आम्ही. त्याची आई दुपारपर्यंत टपरी सांभाळेल म्हणाली. दोन गोणी आणि हातमोजे घेतेय, रांजण रिकामा करायला. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सहाला स्टँडवर या, भाकरी बांधून आणा. भिंतीवरचं मला वाचता येत नाही, हे त्याला आधीच सांगितलंय. ज्याला ब्राह्मी येते त्याने तर याच.

निघताना त्याने विचारलं, "काकू, रांजणाच्या तळाला हात पोचतो का?"

तू उंच आहेस, म्हटलं, तुझा पोचेल.