‘कोकणापेक्षा थायलंड स्वस्त’ या मेसेजला दापोलीच्या किनाऱ्यावरून उत्तर

मे महिना तोंडावर आला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपवर आला, त्यातला एक माझ्या दहावीच्या वर्गाचा. मजकूर थोडक्यात असा: कोकणवाले खोलीचे आणि सुरमईच्या ताटाचे वाट्टेल ते पैसे लावतात, तेवढ्यात थायलंड होतं. वादळ आणि कोरोना होऊन वर्षं लोटली, भरपाई मिळाली, तरी रडगाणं चालूच. घरगुती खोल्या पुरे झाल्या, आता मोठी रिसॉर्ट येऊ द्या. सीआरझेडने (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांनी) कोकण मागे ठेवलं. कासवं आणि कांदळवनं (खाडीतली खारफुटी) राखून कुणाचं पोट भरत नाही. आणि हायवे एकदा पुरा होऊ दे, मग सगळं आपोआप होईल.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची वीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि त्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. हा मेसेज आमच्या घराबद्दलच आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी दराचं बोलू, कारण राग तिथेच आहे आणि तो सगळाच खोटा नाही. 31 डिसेंबरला आणि मे महिन्यातल्या शनिवारी काही जण अवाच्या सवा पैसे मागतात, हे मलाही दिसतं आणि पटत नाही. पण तुलना कशाची कशाशी चालली आहे ते बघा. थायलंडची स्वस्त पॅकेजं बहुतेक मे ते ऑक्टोबर या काळातली असतात, म्हणजे तिकडच्या मंदीतली. त्यांच्यासमोर कोकणातला ऐन गर्दीचा शनिवार ठेवला जातो. आमचीच खोली जुलैत मिळते निम्म्या दरात, आणि तेव्हा फोन वाजत नाही.

वर्षाचे शनिवार 52. पावसाचे चार महिने वजा केले की उरतात पस्तीसच्या आसपास. दिवाळी, नाताळ आणि मे सोडला तर सोमवार ते शुक्रवार खोल्यांना कुलूप. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने जातो. मे महिन्यात तुम्ही दिलेल्या पैशांतून आम्ही जुलै-ऑगस्टचा हप्ता भरतो. त्यात बुकिंग मोबाइल ॲपवरून आलं असेल तर पंधरा ते पंचवीस टक्के कमिशन आधीच कापलेलं असतं. तुम्ही भरलेले सगळे पैसे आमच्या हातात पडतात असं समजू नका. ताटातल्या सुरमईचा भाव हर्णै बंदरावरच्या लिलावात ठरतो आणि तो रोज वेगळा असतो. जून-जुलैत तर यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते.

दर खाली यावेत असं मलाही वाटतं. त्याचा खरा उपाय मधल्या वारांना माणसं येण्यात आहे. चार खोल्या आठवड्यातले चार दिवस भरल्या तर शनिवारचा दर चढवायची कुणाला गरजच उरणार नाही.

आता वादळ आणि भरपाई. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे आमच्या खोल्या मार्चपासून बंदच होत्या. दुपारी वारा थांबल्यावर मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि समोर थेट समुद्र दिसला. त्या दारातून समुद्र कधीच दिसत नसे, मधे पोफळी म्हणजे सुपारीची झाडं होती. आता त्या एकावर एक आडव्या पडलेल्या, काही मुळासकट, काही कमरेएवढ्या उंचीवर पिळून मोडलेल्या. आजोबांनी लावलेला माड खोलीच्या पत्र्यावर आडवा होता. वीज यायला कित्येक आठवडे गेले.

सरकारने बागायतीची भरपाई हेक्टरी 50,000 रुपये केली. आधीच्या दरापेक्षा ती बरीच जास्त होती, हे मान्य. पण कोकणात वाड्या हेक्टरांत मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. वीस गुंठे म्हणजे 0.2 हेक्टर. त्याचे होतात 10,000 रुपये. एवढ्यात पडलेली झाडं कापून, ओढून बाहेर काढायची मजुरीही भागत नाही.

पोफळ धरायला, म्हणजे फळ द्यायला, पाच ते सात वर्षं लागतात, माडालाही जवळपास तेवढीच. म्हणजे त्या पावसाळ्यात लावलेली रोपं आत्ता कुठे धरायला लागली आहेत. आणि आमच्याकडे येणारा पाहुणा येतो तो वाडीतल्या गारव्यासाठी. पोफळी नसलेल्या वाडीत एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली कोण बसणार? सुपारीचं उत्पन्न आणि पाहुण्यांची सावली एकाच दिवशी गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. ‘अजून सावरला नाहीत का’ असं विचारणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की सावली विकत आणता येत नाही.

मोठ्या रिसॉर्टचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आमच्या विहिरीजवळ उभे राहिलात तर त्याचं उत्तर लगेच कळेल. समुद्रालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बेताने उपसलं तर टिकतं. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. आमच्या विहिरीत आतल्या बाजूला आईने चुन्याची एक रेघ ओढलेली आहे. एप्रिलमध्ये पाणी त्या रेघेखाली गेलं की आम्ही एक खोली बंद ठेवतो. पाहुणे मागत असले तरी. गेल्या उन्हाळ्यात पंप जास्त चालला आणि दोन दिवस चहाला खारट चव होती, तेव्हापासून त्या रेघेवरून घरात वाद होत नाहीत. अशाच जमिनीवर पन्नास खोल्या आणि पोहण्याचा तलाव आला तर तो पाणी कुठून घेणार? शेजाऱ्याच्याच विहिरीतून, कारण जमिनीखाली कुंपण नसतं.

पैशाचंही तसंच. आमच्याकडे चार पाहुणे जेवले की भाकऱ्या थापणाऱ्या काकू, मासे आणून देणारी मावशी, नारळ पाडायला येणारा, घरी आमसुलं करणारी वहिनी, सगळ्यांच्या हातात त्यातलं काही पडतं. मी पाहिलेल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये भाजीपासून मॅनेजरपर्यंत सगळं बाहेरून येतं आणि गावातल्या पोरांना गेटवर उभं राहायचं काम मिळतं. मोठं काहीच नको असं मी म्हणत नाही. पण धंदा सावरला की नाही हे किती गाड्या आल्या यावरून ठरवू नका. गावात किती पैसा थांबला ते मोजा.

इथे आमचीही चूक सांगायला हवी. वादळानंतर काहींनी पोफळी पुन्हा लावल्याच नाहीत. त्या जागी स्लॅबच्या खोल्यांची चाळ उभी केली, सांडपाणी मागच्या पऱ्ह्यात (ओढ्यात) सोडलं. त्यांची अडचण मला कळते, हप्ता सगळ्यांनाच आहे. पण त्या खोल्यांत एकदा राहिलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

सीआरझेडबद्दल मेसेजमध्ये जे लिहिलंय ते अर्धवट माहितीवर आहे. 2019 च्या अधिसूचनेत मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात पर्यटकांसाठी होमस्टे चालवायची मुभा आहे. अट एवढीच की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे हा कायदा छोट्या घराला आडवा येत नाही, आडवा येतो तो किनाऱ्यावर नवं बांधकाम करू पाहणाऱ्याला. परवानग्यांसाठी हेलपाटे पडतात, कागद कुठे द्यायचा ते कुणी धड सांगत नाही, ही तक्रार खरी आहे. मग तालुक्याच्या ठिकाणी एक खिडकी मागा. कायदाच काढून टाका म्हणणाऱ्याने आधी भरतीची रेघ कुठवर येते ते अमावास्येला येऊन बघावं.

‘कासवांनी पोट भरत नाही’ या वाक्याला मंडणगड तालुक्यातलं वेळास पुरेसं आहे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी तिथे अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि लोक गावातल्या घरांत मुक्कामाला येऊ लागले. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली नुसती वाळू असते, तर कधी मुठीत मावतील एवढी पिल्लं एकमेकांवर चढत असतात. मग दोरीमागे सगळे गप्प उभे राहतात, शाळेच्या सहलीतली पोरंसुद्धा, आणि ती पिल्लं पाण्यापर्यंतचं अंतर आपापल्या पायांनी कापतात.

धंद्याच्या नजरेने यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. पिल्लं बाहेर पडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. त्यातले फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर शुकशुकाटाचे. शिवाय कासवाला शनिवार-रविवार कळत नाही. ज्यांना पिल्लं बघायची असतात ते मंगळवारीही येतात. रिकाम्या महिन्यात, रिकाम्या वारी पाहुणा आणणारी दुसरी कुठलीही योजना मला माहीत नाही.

कांदळवनांचंही तसंच. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. आणि मर्यादा घातली म्हणून पाहुणे तुटतात असंही नाही. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 जणांची मर्यादा आहे, नोंदणी आधी करावी लागते. तरी लोक जातात, आधी ठरवून जातात.

हायवेवर लिहिण्यासारखं फार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. तो व्हायलाच हवा, निदान दवाखान्यात पोचण्यासाठी तरी. पण रस्ता माणूस आणतो, मुक्काम आणत नाही. सकाळी येऊन, वाळूत गाडी घालून, बाटल्या टाकून रात्री परतणाऱ्याकडून गावाला मिळतो तो कचरा.

मग मदत कशी करायची, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. आमच्या गावात खोल्यांचं खरं काम बायकाच करतात, पण सातबारा आणि खोल्यांचे कागद पुरुषांच्या नावावर असतात. त्यामुळे योजना असूनही हातात येत नाही. ग्रामपंचायतीत घरपट्टीला पत्नीचं नाव लावून घ्या, मग अर्ज करा. आम्ही फेब्रुवारीत आईचं आणि बायकोचं नाव लावून घेतलं.

आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांना, माझ्या वर्गमित्रांसह, एवढंच सांगतो: रेल्वेने खेडला उतरा, एसटीने दापोलीला या, ॲपऐवजी थेट फोन करा आणि शक्य असेल तर बुधवारी या. बुधवारचा दर मी फोनवरच सांगेन. विहिरीतली रेघही दाखवेन.