‘क्लाउडकिट आहे ना, मग वेगळा बॅकएंड कशाला?’

क्लाउडकिट ही ॲपचा डेटा क्लाउडमध्ये ठेवायची ॲपलची सेवा; बॅकएंड म्हणजे ॲपमागचा सर्व्हर आणि डेटाबेस. आयफोन ॲप बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रॅमचे वर्षाला ९९ डॉलर भरतोच, मग डेटाबेसवर वेगळा खर्च का? २०१६पासून क्लाउडकिटला सर्व्हर-टू-सर्व्हर की (आपल्या सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) मिळते. ती घ्या आणि सर्व्हरचं सगळं काम तिथेच चालवा.’ यातली वर्गणी आणि मिळणारी की, एवढंच निर्विवाद खरं. बाकीचं एकेक पाहू.

‘की हातात आली की सगळा डेटा हातात.’
ही की फक्त पब्लिक, म्हणजे ॲपच्या सगळ्या युजरसाठी सामायिक असलेल्या डेटाबेसवर चालते. प्रायव्हेट (एकाच युजरचा) किंवा शेअर्ड (युजरने इतरांना वाटलेला) डेटाबेस उघडायला त्या युजरने ॲपल अकाउंटने (जुनं नाव ॲपल आयडी) साइन-इन करून मिळवलेलं टोकन लागतं. म्हणजे रात्री ठरल्या वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारं काम (क्रॉन जॉब) युजरच्या खासगी नोंदींपर्यंत पोचूच शकत नाही. डेव्हलपरलाही त्या दिसू नयेत, अशीच ती रचना आहे. मग काही जण युजरचा डेटा पब्लिकमध्ये टाकून मोकळे होतात. तिथे नव्या रेकॉर्ड टाइपला (नोंदींच्या प्रकाराला) सुरुवातीपासूनच कुणालाही वाचायची परवानगी असते, हे त्यांच्या गावीही नसतं.

‘जोडणी म्हणजे दहा मिनिटांचं काम.’
ओपनएसएसएल या साधनाने पी-२५६ प्रकारची की-जोडी (एक गुप्त, एक जाहीर) बनवायची, जाहीर म्हणजे पब्लिक की क्लाउडकिटच्या डॅशबोर्डमध्ये टाकून की-आयडी घ्यायचा, इथवर सोपं. पुढे प्रत्येक विनंतीवर डिजिटल सही लागते: तारीख, बॉडीच्या (विनंतीतल्या मजकुराच्या) शा-२५६ हॅशचं, म्हणजे ठशाचं, बेस६४ रूप आणि डोमेन वगळून उरलेला पाथ हे कोलनने जोडायचं आणि त्यावर गुप्त कीने ईसीडीएसए पद्धतीची सही करायची. तारखेत मिलिसेकंद नकोत. हॅश घेतल्यावर लायब्ररीने जेसन (बॉडीतला डेटा) पुन्हा बांधलं, एखादी स्पेस जरी बदलली, तरी सही फेटाळली जाते. सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळी: सही डीईआर या ठरावीक मांडणीत हवी असते, आणि काही क्रिप्टो लायब्रऱ्या सहीचे नुसते ६४ बाइट हातावर ठेवतात.

‘पोस्टग्रेसच्या (नेहमीच्या सर्व्हर-डेटाबेसच्या) जागी क्लाउडकिट वापरा.’
जॉइन (दोन तक्ते जोडून शोधणं) नाही, काउंट (नोंदी मोजणं) नाही. एका क्वेरीत जास्तीत जास्त २०० रेकॉर्ड मिळतात, पुढचे उत्तरात आलेल्या कंटिन्युएशन मार्करने (‘इथून पुढे’ची खूण) मागायचे. एका विनंतीत बदलही २००च. खरी अडचण ट्रान्झॅक्शनची. सगळं होईल किंवा काहीच नाही, अशी हमी फक्त कस्टम झोनमध्ये (डेटाबेसमधल्या आपण बनवलेल्या वेगळ्या कप्प्यात) मिळते आणि पब्लिक डेटाबेसमध्ये कस्टम झोन बनवता येत नाही. ऑर्डर नोंदली गेली पण साठा कमी झाला नाही, असं अर्धवट घडू शकतं. एकाच रेकॉर्डवर दोघे लिहीत असतील तर चेंज टॅग (रेकॉर्डच्या आवृत्तीची खूण) जुळत नाही म्हणून दुसऱ्याला कॉन्फ्लिक्ट मिळतो, ते ठीकच. पण वैतागून ही खूण न पाहता लिहिणारं फोर्स अपडेट वापरलंत तर तेही संरक्षण गेलं.

शिवाय क्वेरीचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) थोडा मागे असू शकतो. आत्ताच सेव्ह केलेलं रेकॉर्ड क्वेरीत लगेच दिसेलच असं नाही. ते रेकॉर्डच्या नावाने थेट लुकअप करून घ्यावं.

‘बदल झाला की सर्व्हरला कळेल.’
क्लाउडकिटमध्ये बदलाची सूचना मागायची सोय, म्हणजे सबस्क्रिप्शन, आहे; पण तिचा रोख उपकरणांना पुश पाठवण्यावर आहे. तुमच्या यूआरएलला हाक मारणारा वेबहुक नाही, आणि तुमचा कोड चालवायला क्लाउडकिटमध्ये जागाही नाही. सर्व्हरने ठरावीक वेळाने बदलाच्या वेळेवरून क्वेरी करत राहायचं. त्यातही डिलीट झालेलं रेकॉर्ड क्वेरीत येणारच नाही, म्हणून खरं डिलीट टाळून ‘रद्द’ असं फील्ड ठेवावं लागतं.

‘स्कीमा (डेटाचा आराखडा) काय, नंतर बदलू.’
डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे चाचणीच्या जागी, बदला. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या युजरपर्यंत, गेलेलं फील्ड किंवा रेकॉर्ड टाइप काढता येत नाही.

मग ही की कशासाठी? सर्व्हरने लिहायचं आणि ॲपने वाचायचं अशा एकतर्फी कामासाठी: वेळापत्रक, शब्दकोश, दुकानाचा कॅटलॉग. इथे ती खरंच छान चालते. मूळ प्रत आपल्या डेटाबेसमध्ये ठेवावी आणि तिथल्या आयडीवरूनच रेकॉर्डचं नाव बनवावं, म्हणजे स्क्रिप्ट दोनदा चालली तरी दुहेरी नोंदी होत नाहीत. २००-२००च्या गठ्ठ्यांनी पाठवताना ‘सगळं ठीक’ सांगणारा एचटीटीपीचा २०० कोड पाहून थांबू नये, कारण त्याच उत्तरात एखाद्या रेकॉर्डची एरर लपलेली असू शकते. प्रत्येक नोंद तपासून फसलेल्या तेवढ्याच पुन्हा पाठवाव्यात, आणि थ्रॉटल झाल्यास (जास्त विनंत्यांमुळे सेवेने रोखल्यास) उत्तरात जितके सेकंद थांबायला सांगितलं असेल तितकं थांबून.