40 टनी ट्रेलरच्या इंजिनाला मिळालेल्या एक स्टारबद्दल

नमस्कार शेठ,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी तीन आहेत. एवढा पैसा घेऊन इंजिन बांधलं, तरी पहिल्याच भरल्या फेरीला कसारा घाटात गाडी हिट झाली, म्हणजे इंजिन जास्त तापलं. पिकअप आधीपेक्षा कमी आहे. आणि वॉरंटी मागितली तर आम्ही नाही म्हणालो. इतर गाडीमालकही हे वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी पिकअप. तुमच्या घोड्यात (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीत) टाटा कमिन्सचं 5.9 लिटरचं, 180 एचपीचं इंजिन आहे. ते आमच्याकडे आलं तेव्हा डिझेल किती जायचं ते ठरवणारा डिझेल पंपाचा स्क्रू कुणीतरी मनसोक्त फिरवलेला होता आणि रेस दिली की काळा धूर. तुम्हाला आठवतोय तो पिकअप हाच. त्यानेच दोन पिस्टनचे माथे वितळले होते, ते तुमच्या हातात देऊन मगच आपण कामाचं बोललो. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. जादा डिझेल देऊन चढावर दाबून धरलेल्या इंजिनाच्या धुराचं तापमान टर्बोच्या तोंडाशी त्याच्याही वर जातं. रिकाम्या गाडीत हे कळत नाही, कारण पाय दोन-चार सेकंदच दाबलेला असतो. घाटात तो खाली येतच नाही. म्हणून डिझेल पंप टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावून कंपनीच्या मापाला आणला आणि स्क्रूला सील मारलं.

तरी 180 एचपीत 40 टन चढतील का? हिशोब सांगतो. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरा. 40 टन ताशी 20 किलोमीटरने वर न्यायला चाकांशीच साधारण 170 एचपी लागतात. गिअरबॉक्स, हाउसिंग (मागच्या चाकांचा डिफरन्शियल) आणि पंख्याने खाल्लेली ताकद वेगळी. म्हणजे अशा चढाला भरली गाडी पंधरा-अठराने चढली तर इंजिन ठणठणीत आहे. तिशीने चढायला हवी असेल तर मोठ्या इंजिनाची गाडी घ्यावी लागेल, स्क्रू फिरवून ते होत नाही. आम्ही इंजिनाची ताकद वाढवून देत नाही. आहे तेवढी ताकद चढभर टिकेल असं इंजिन बांधून देतो.

पैसे कशाचे, तेही लिहितो. या इंजिनाला लायनर (बदलता येणारी आतली नळी) नसतो, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. त्यामुळे नुसत्या रिंगा बदलून भागत नव्हतं. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोरिंग (बोअर मोठं करणं), होनिंग (ते घासून गुळगुळीत करणं) आणि सहाही पिस्टन नवीन. क्रँक ग्राइंड करण्याआधी तडे तपासले. मेन बेअरिंगच्या बैठकीत पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारी छोटी नोझलं असतात. ती वरून दिसत नाहीत, म्हणून घाईच्या कामात कुणी उघडत नाही आणि बोरिंगची कीस तिथेच अडकून बसते. भरल्या गाडीचा पिस्टन थंड राहतो तो याच ऑइलवर. आम्ही प्रत्येक नोझल हवा मारून, धार बघून बसवतो. टॅपेटची फट (व्हॉल्व्हची मोकळीक) इनटेकला 0.25, एक्झॉस्टला 0.50 मिलिमीटर. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले ते या कामात, आणि ते तुम्हाला फोनवर तेव्हाच कळवलं होतं.

आता हिट. गाडी परत आली तेव्हा डिझेल पंपाचं सील तुटलेलं होतं आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) जागेवर नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, पाणी मोकळं फिरावं म्हणून वाटेत काढून टाकला. हे खूळ जुनं आहे आणि बऱ्याच लाइनवर चालतं. पण या इंजिनात थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा तोच बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) भोक बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरकडे जाण्याऐवजी सोप्या वाटेने बायपासमधून परत पाण्याच्या पंपात येतं. रेडिएटर कोमट राहतो आणि हेड तापतं. कमिन्सच्या पुस्तकातही थर्मोस्टॅटशिवाय इंजिन चालवू नका असं स्पष्ट लिहिलंय. त्यात वाढवलेलं डिझेल, आणि खालचा गिअर न टाकता बाराशे आरपीएमवर रेटलेली गाडी. आरपीएम पडले की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. चढाला एक गिअर आधीच खाली घेऊन अठराशेच्या वर ठेवायची, हे गाडी देताना त्याला सांगितलं होतं. ड्रायव्हरवर राग काढू नका, वेळेत माल पोहोचवायची घाई त्याच्या डोक्यावर असते.

वॉरंटी का नाही, ते वरच आलं. सील तुटलं की जबाबदारी संपते, हे बिलावर मराठीत छापलंय आणि खाली तुमची सही आहे. ते बदलणार नाही. बदललं तर सील न तोडणाऱ्या मालकांनी काय करायचं?

तरीही बोरला ओरखडा नाही, गेलंय ते हेड गॅस्केट. हेड फेसिंगला (सपाट घासायला) पाठवू, गॅस्केट आणि थर्मोस्टॅटचे पैसे तुम्ही द्या, खोलण्या-बसवण्याची मजुरी मी घेणार नाही. डिझेल पंप पुन्हा बेंचवर लागेल, त्याचे पैसे मात्र घेईन. रेडिएटर उतरवून बाहेरून धुऊन आणा, जाळीत भुसा आणि माती भरलीय. आत बोअरवेलचं पाणी नको, कूलंटच घालायचं. आणि येताना ड्रायव्हरला बरोबर आणा. सोमवारी गॅरेज बंद असतं.