त्या चित्रातली मावशी

लेख आवडला, पण नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या ‘आजारी मुलगी’ या चित्रावर लिहिताना सगळं लक्ष उशीला टेकलेल्या त्याच्या बहिणीवर, सोफीवरच गेलंय. शेजारी मान खाली घालून बसलेली बाई म्हणजे त्याची कारेन मावशी. आई १८६८ मध्ये क्षयाने गेली आणि पुढे पाच पोरांचं घर या मावशीनेच ओढलं. १८७७ मध्ये सोफीही त्याच दुखण्याने गेली.

चित्रात मावशीचा चेहराच दिसत नाही. दोघींचे हात भेटतात तिथे तर बोटंसुद्धा वेगळी काढता येत नाहीत, नुसता रंगाचा गोळा. १८८६ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, लोकांनी याच अर्धवटपणाची टिंगल केली होती. मला विचाराल तर चित्रातली सगळ्यात खरी जागा तीच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा रात्री-अपरात्री मी अशीच हात धरून बसायचे. भेटायला येणारे त्यांना विचारायचे, “कसं वाटतंय?” आणि मला म्हणायचे, “चहा टाक गं जरा.”

कारेन स्वतः शेवाळ, वाळकी पानं चिकटवून चित्रं करायची. मुंकला चित्रकलेची गोडी लावण्यात तिचाही हात होता. तिच्यावर लिहा ना एकदा!