चाळिशीनंतर शब्दांचे अर्थ पुसले जात नाहीत

‘चाळिशीनंतर मेंदूतला शब्दांचा कप्पा रिकामा होत जातो’ असा मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. पर्वती चढताना त्याचीच चर्चा. मेसेज साफ चुकीचा आहे.

मुळात असा एकच कप्पा नसतो. २०१६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधनात, माणसं गोष्टी ऐकत असताना अर्थाशी निगडित हालचाल मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेली दिसली. रंग, चव, वापर असे अर्थाचे धागे ठिकठिकाणी असतात. कानशिलाआडच्या मेंदूच्या भागाचं, म्हणजे टेम्पोरल लोबचं, पुढचं टोक ते बांधतं, असं बरेच तज्ज्ञ मानतात.

मग मंडईत अडखळायला का होतं? ‘अहो, ते द्या ना, अळूच्या फदफद्यात घालतात ते, आंबट पानांचं...’ म्हणजे चव, पान, पदार्थ, सगळं जागेवर आहे. ‘चुका’ हा उच्चार तेवढा वेळेवर सापडत नाही. वयानुसार मंदावतो तो हा शोध. शब्दज्ञान साठीपर्यंत, कित्येकदा त्यापुढेही वाढतं. (पेठेतल्या आजोबांशी वाद घालून बघा!)

मात्र ‘चुका’ ऐकूनही ‘म्हणजे काय?’ असं नेहमीच्या शब्दांबाबत कोणी वारंवार विचारू लागलं, तर ते वय म्हणून सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.