चेकिंगचे पाचशे रुपये

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. बायको म्हणाली, "पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय." मी म्हणालो, "हल्ली पेट्रोलच तसलं येतंय." गाडीला काहीही झालं की आधी पेट्रोलला शिव्या घालायच्या, ही माझी जुनी खोड. असे आठ-दहा दिवस काढले.

मग जुलैतल्या एका शनिवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि शिरवळच्या जरा पुढे डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं ना, तो. माझी आई त्याला पाण्याची मोटर म्हणते, आणि खरं सांगायचं तर दिसतो तसाच. खंबाटकी चढायला लागलो, तिसरा गिअर, वर पाऊस, मागे ट्रकचा हॉर्न, आणि दिवा लुकलुकायला लागला. गाडी आचके द्यायला लागली, पिकअप निम्मा झाला. मी काय केलं? दात-ओठ खाऊन घाट चढवला. आज लिहितानाही लाज वाटते, कारण नेमकं हेच करायचं नसतं.

पुढची पोस्ट नाही वाचली तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पिवळा दिवा स्थिर लागला असेल आणि टेम्परेचर, ऑइल ठीक असेल, गाडी नीट चालत असेल, तर घाबरायचं कारण नाही. चार-सहा दिवसांत दाखवून घ्या. पण दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि सोयीची जागा बघून बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, बहुतेकदा ठिणगी चुकल्यामुळे, आणि ते न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या लाइनीत चाललंय. तिथे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो: मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. पेट्रोल त्या जाळीत जाऊन जळतं, ती प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी वितळते. कन्व्हर्टरची किंमत एकदा विचारून बघा, मग घाटातच गाडी बाजूला घ्याल. माझा वाचला, ते माझं नशीब. अक्कल म्हणून नाही.

सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला. नाव लिहीत नाही. ते फार वाईट वागले असंही नाही. स्कॅनर लावला, पाच मिनिटांत छापील कागद हातात. तीन कोड: पी०३०२ (म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही; शेवटचा आकडा सिलिंडरचा), पी०३५२, पी०१७१. ॲडव्हायझर पोरगा हसतमुख होता. म्हणाला, "सर, दोन नंबरची कॉईल गेलीय, प्लगला ठिणगीची वीज तीच देते. प्लगही बदलून घेऊ. इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करू, गाडी एकदम स्मूथ होईल." कॉईल २,९००, चार प्लग १,४००, दोन्ही क्लीनिंग मिळून २,१००, मजुरी १,३००. झाले ७,७००. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. छापील कागद असला की आपण मान डोलावतो. एक शहाणपण तेवढं केलं, जुने पार्ट मागून घेतले. (कायम मागून घ्या. ते आपलेच असतात.)

चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली. पाचव्या दिवशी पोवई नाक्यावर उभा असताना पुन्हा गिरणी सुरू आणि पुन्हा मोटरीचा दिवा. फोन केला तर पोरगा म्हणाला, "सर, मग ऑक्सिजन सेन्सर असेल. साडेसहा हजार."

आता ज्यांच्याकडे आधीच जायला हवं होतं त्या मिस्त्रींकडे गेलो. एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याचं शेड. आणि इथे माझी दुसरी कबुली. वर्षभरापूर्वी असाच काही आवाज येत होता म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. ते म्हणाले होते, "बघायचे पाचशे घेतो साहेब, मग काम करा न्हाईतर करू नका." मी मनात म्हटलं, नुसतं बघायचे पाचशे? आणि गाडी फिरवून निघून आलो होतो. मिस्त्रींच्या हे लक्षात होतं. बोलले नाहीत, पण होतं.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोड उडवला न्हाई ना कुणी?" म्हटलं, नाही, कालच लागलाय. मग त्यांनी स्कॅनर लावला आणि कोडाकडे न बघता आधी फ्रीज फ्रेम उघडली. कोड पडला त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती, त्याचा तो फोटोच. आरपीएम ७९०, वेग शून्य, पाणी ९१ अंश. म्हणजे गरम गाडी, जागेवर उभी. सर्व्हिस सेंटरच्या वेळची फ्रेम बघायची सोय नव्हती, कारण काम झाल्यावर त्यांनी सगळं साफ करून टाकलं होतं. घरी बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणारे पण हेच करतात: पुरावा पुसतात. दिवा परत येतोच.

मग त्यांनी माझा तो छापील कागद मागितला, चष्मा वर सरकवला आणि पी०३५२ वर बोट ठेवलं. "हे वाचा." मी वाचलं: इग्निशन कॉईल बी, प्रायमरी/सेकंडरी सर्किट. "बी म्हंजे दोन नंबर. पुढं काय लिवलंय?" सर्किट. "सर्किट म्हंजे कॉईल न्हवं. कॉईल, तिचा कपलर, तिथनं ईसीएमपर्यंतची, म्हंजे गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंतची वायर, सगळं आलं त्यात. कॉईल त्यातली एक."

अख्ख्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुणी वाचलाच नव्हता. मीही नाही.

तिसरा कोड, पी०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरचं एस्टिमेट याच्यावरून आलं होतं. मिस्त्री म्हणाले, त्याला हात लावायचा नाही, तो खरं बोलतोय. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही त्यातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर येतो. सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, ऑक्सिजनच कळतो. तो बिचारा ओरडतो, इथे ऑक्सिजन फार झालाय. ईसीएम समजतं मिश्रण पातळ झालं, आणि आणखी पेट्रोल ओततं. म्हणजे साडेसहा हजार रुपये देऊन आम्ही खरं बोलणाऱ्या साक्षीदाराला गाडीबाहेर काढणार होतो.

पुढचा दीड तास मी स्टुलावर बसून बघत होतो. दोन नंबरची नवी कॉईल काढून तीन नंबरला, तीनची दोनला. कोड साफ, एक फेरी. कॉईल खराब असती तर तक्रार तिच्याबरोबर तीन नंबरला गेली असती, कोड पी०३०३ आला असता. आला नाही, पुन्हा दोनच. मग डिकीतली माझी जुनी, "गेलेली" कॉईल त्यांनी तीन नंबरला बसवली. तीन नंबर खणखणीत चालला. प्लगची अदलाबदल केली, तरी दोनच. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवलं, हात पुसले आणि वायरिंगच्या हार्नेसवरून, म्हणजे टेप गुंडाळलेल्या वायरींच्या जुडग्यावरून, दोन बोटं फिरवायला सुरुवात केली. आजी लहान मुलाच्या डोक्यातून उवा शोधते ना, तसं. दाबायचं, जरा पिळायचं, कान इंजिनाकडे. हार्नेस जिथे ब्रॅकेटमधून बाहेर पडून वळतो तिथे बोटं आली आणि इंजिन दचकलं. सोडलं, सरळ झालं. पिळलं, पुन्हा दचकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टेप सोलली. वायरीचं वरचं कव्हर अगदी धड. मल्टिमीटर लावला तर वायर सरळ असताना पीं वाजायचं, वाकवली की गप्प. ब्लेडने कव्हर उघडलं तर आत तांब्याची हिरवी भुकटी आणि जेमतेम तीन-चार तारा एकमेकींना धरून. इंजिन थरथरतं, ब्रॅकेट हलत नाही, मधल्या मध्ये वायर वर्षानुवर्षं वाकत राहिली. त्यात मी मोठ्या हौसेने दर दिवाळीला प्रेशरने इंजिन धुऊन घेतो. घाटात जोर लागला की इंजिन जास्त पिळतं, म्हणून तिथे दिवा लुकलुकला. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये कॉईल बदलताना तो हार्नेस जरा हलला, तारा टेकल्या, म्हणून चार दिवस लोणी.

तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, स्लीव्ह घातली, वळणाला ढील ठेवली. मी पाकीट काढलं. मिस्त्री म्हणाले, "तीनशे द्या."

तीनशे! दीड तास त्या माणसाने डोकं वापरलं होतं, आणि बिल लावलं वायर, सोल्डर आणि स्लीव्हचं. मी म्हटलं, चेकिंगचे पाचशे? ते म्हणाले, "आता न्हाई घेत. लोकं फिरून जात्यात."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. सगळे म्हणतात मेकॅनिक लुटतात. लुटणारे आहेत, नाही कशाला म्हणू. पण शोधायचे पैसे द्यायचे नाहीत आणि पार्टचे मुकाट्याने द्यायचे, ही रीत आपणच पाडली. मग माणूस पार्टच विकणार. दीड तास वायर चाचपून तीनशे, आणि पाच मिनिटांत कॉईल बदलून सात हजार सातशे. तुम्ही गॅरेज टाकलं तर काय कराल? त्या ॲडव्हायझर पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी दीड तास देतच नाही. एका गाडीमागे दुसरी उभी असते.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात बरं होतं असं म्हणणाऱ्यांत मी नाही. तेव्हा चालू इंजिनावर एकेका प्लगची टोपी उपटून बघायचे. जी काढल्यावर इंजिनाला काही फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. शॉकही बसायचा. स्कॅनर हे तेच काम अंगाला हात न लावता करतो. ७५० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २५ धक्के देतं, आणि क्रँकचा सेन्सर त्यातला एक धक्का कमी पडला तरी पकडतो. अफाट गोष्ट आहे. पण तो सांगतो कुठे दुखतंय. का दुखतंय, ते नाही सांगत. मुळात हा दिवा मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मलाच नाही. कॅलिफोर्नियाने धुराला वैतागून १९८८च्या मॉडेलपासून तो सक्तीचा केला, १९९६पासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना एकसारखी पद्धत आली, आणि आपल्याकडे २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत. गंमत म्हणजे तिकडे बऱ्याच राज्यांत हा दिवा लागलेला असेल तर गाडी तपासणीत नापास होते. आपल्याकडे पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो. डॅशबोर्डवर काय लागलंय ते त्याला कुणी विचारत नाही.

कमेंटमध्ये आता कुणीतरी सांगणार, गाडीत खोचून कोड वाचणारं हजार रुपयांचं डोंगल घ्या, मोबाईलवर सगळं दिसतं. घ्या की. मीही घेतलंय. गॅरेजला जायच्या आधी कोड आणि फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तेवढा उपयोग नक्की आहे. फक्त ते 'क्लिअर' बटण लगेच दाबू नका, आणि कोड गुगल करून पार्ट मागवू नका. मिस्त्रींनी बोटं फिरवली ते ॲप अजून निघालेलं नाही.

त्यांना मी जबरदस्तीने आठशे दिले. पाचशे चेकिंगचे, तीनशे कामाचे. घेताना अवघडले होते. मग चहा मागवला, त्याचे मात्र मला देऊ दिले नाहीत.

आणि हो, नव्या कॉईलचे पैसे काही परत मिळत नाहीत. जुनी घरात कपाटात पडलीय, उत्तम चालू स्थितीत, तीन नंबरवर स्वतः चालवून बघितलेली. कुणाला लागत असेल तर इनबॉक्स करा.