एमई इंजिन आणि ‘एक कार्ड गेलं तर?’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार चीफसाहेब,

‘एमई इंजिनावरचा लेख कंपनीच्या ब्रोशरसारखा वाटला. एमसी इंजिन पान्या-हातोडीवर बंदरापर्यंत आणता येतं, तुमच्या इंजिनात एक कार्ड गेलं की भरसमुद्रात सगळं ठप्प,’ असं तुम्ही लिहिलंत. (दोन्ही जहाजांची मोठी दोन-स्ट्रोक इंजिनं. एमसीत इंधनाचं इंजेक्शन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवर चालतात, एमईत संगणकी कार्डांच्या हुकमावर हायड्रॉलिक तेलाने.) यातलं अर्धं मला मान्य आहे.

‘कॅमशाफ्ट नाही म्हणून देखभाल कमी’ हे माझं वाक्य चुकलंच. कॅमशाफ्ट फिरवणारी चेन ताणली की इंजेक्शन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही उशिरा होतात, ती कटकट गेली. पण तिच्या जागी २०० बारचं हायड्रॉलिक तेल आलं (पुढच्या मॉडेल्समध्ये ३००), आणि हे तेल म्हणजे बेअरिंगमधून फिरून आलेलं सिस्टम ऑइलच. त्याची स्वच्छता आयएसओ ४४०६ या तेलातले कण मोजण्याच्या मानकाप्रमाणे १६/१३ च्या आत ठेवावी लागते. प्युरिफायर आणि बारीक फिल्टर यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर पहिला फटका फिवा व्हॉल्व्हला (इंजेक्शन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) बसतो, कारण त्याच्या स्पूलची, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याची, फट काही मायक्रॉनचीच असते.

आता कार्डाबद्दल. इंजिनाचा एकूण कारभार सांभाळणारे ईसीयू दोन असतात, ए आणि बी. एक चालवतो, दुसरा तयारीत असतो. क्रँकचा कोन सांगणाऱ्या टॅको सेन्सरचेही दोन संच आहेत. सीसीयू, म्हणजे सिलिंडरचा कंट्रोलर, मात्र प्रत्येक सिलिंडरला एकच. तो गेला तर त्या सिलिंडरचं इंजेक्शन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि स्टार्टिंग एअर व्हॉल्व्ह बंद पडतात, बाकीचे सिलिंडर चालू राहतात. लोड कमी करून जहाज पुढे नेता येतं. पण अशा वेळी टाळायचा आरपीएमचा पट्टा बदलतो, आणि हे हमखास विसरलं जातं. टॉर्शनल व्हायब्रेशनच्या (शाफ्टला पीळ देणाऱ्या कंपनांच्या) अहवालात मिसफायरिंगचा, म्हणजे एक सिलिंडर बंद असतानाचा, वेगळा आलेख असतो, तो आधी काढा. शिवाय इंजिन नेमकं त्याच सिलिंडरच्या स्टार्टिंगच्या जागी थांबलं तर स्टार्टिंगच्या हवेवर न उचलण्याची शक्यता असते. मॅन्युव्हरिंगपूर्वी ब्रिजला तशी कल्पना देऊन ठेवा.

खरं तर एमपीसी कार्ड (ईसीयू, सीसीयू ज्यावर चालतात ते कंट्रोलर कार्ड) क्वचितच मरतं. ‘सीसीयू गेला’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात बऱ्याचदा थरथरीने सैल झालेला कनेक्टर, घासलेली केबल किंवा अडखळणारा फिवा निघतो. कार्डाला हात लावण्याआधी एमओपीवर (इंजिन चालवायच्या संगणक-पडद्यावर) त्या सिलिंडरचा फिवाचा आणि फ्युएल बूस्टरचा (इंधनाचा दाब वाढवणाऱ्या पंपाचा) आलेख शेजारच्या सिलिंडरशी ताडून पाहा. स्पूल सिग्नलमागे रेंगाळताना दिसला तर इंजिन थांबल्यावर फिवाची शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष फिवाबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह खराब. जागचा हलला नाही तर केबल, सेन्सर, मग सीसीयू, याच क्रमाने जा.

फिवा खोलताना स्टार्ट-अप पंप बंद करून ब्लॉक करा, अ‍ॅक्युम्युलेटरचा (तेलाचा दाब साठवणाऱ्या भांड्याचा) दाब सोडा, गेज शून्यावर आल्याचं डोळ्यांनी पाहा. गळती बोटाने चाचपू नका. २०० बारची बारीक धार हातमोज्यासकट कातडीत घुसते आणि जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण ती थेट डॉक्टरची केस असते. पुसायला कॉटन वेस्ट नको, धागे न सुटणारं कापडच घ्या. वेस्टचा एक धागा ब्लॉकच्या तोंडाशी राहिला तरी नवा फिवाही अडकेल. ओ-रिंग नवीनच घाला.

अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजनही तपासाच्या यादीत ठेवा. तेलाचा दाब शून्य असतानाच तो मोजायचा, आणि वाचन तापमानाच्या तक्त्याशी लावायचं. तो कमी झाला की हाय-प्रेशर पाइप ठोके देऊ लागतात.

तुमच्या एमसीवरचा गव्हर्नरही बहुधा इलेक्ट्रॉनिकच असेल, आणि अल्फा ल्युब्रिकेटर (सिलिंडरला तेल देणारा इलेक्ट्रॉनिक पंप) बसवलेला असेल तर सिलिंडर ऑइलही कंट्रोलरच सोडतो. तेव्हा पान्या-हातोडीवर चालणारं इंजिन तुमच्याकडेही पूर्ण उरलेलं नाही. मात्र एमसीचा फ्युएल पंप वाजतो, गरम होतो, गळतो, बिघाडाची चाहूल कान आणि हात देतात. एमईत ती पडद्यावर शोधावी लागते आणि नव्या फोर्थ इंजिनिअरला ती नजर कोणी मुद्दाम शिकवत नाही, ही तुमची तक्रार मला पूर्ण पटते.

स्पेअर एमपीसी एक पुरतो का, असंही तुम्ही विचारलंत. कार्ड सगळीकडे एकाच जातीचं असतं, त्यामुळे एक स्पेअर कुठल्याही जागी चालतो. ते कोणत्या जागेवर आहे हे त्याला डाँगल (कार्डाला जोडायची ओळख-चावी) सांगतं, म्हणून जुनं कार्ड काढताना डाँगल त्याच कॅबिनेटमध्ये राहू द्या आणि नव्या कार्डाला लावा. सॉफ्टवेअर एमओपीच्या हार्ड डिस्कवरून चढतं. म्हणजे स्पेअर कार्ड कपाटात असूनही एमओपी बंद असला तर काम अडेल. दोन्ही एमओपी खरोखर चालू होतात ना, हे बंदरात असतानाच पाहून घ्या.